पहिल्या हाकेची ओ

१

मला वाटलं होतं, बंद तोंड घेऊन गावात परतणं फार जड जाईल. पुण्याच्या इस्पितळात खाटेवर पडल्या पडल्या मी त्याचीच तयारी करत होते. बायका भोवती जमतील, काहीबाही विचारतील, मला उत्तर देता येणार नाही, त्या ओशाळतील, मीही ओशाळेन. बायकांना लिहा-वाचायला शिकवणारा माझा संध्याकाळचा वर्ग बंद पडलेला असेल. म्हणून मी एक पाटी आणि पेन्सिलींचा पुडा मागवून घेतला. बोलता येत नाही तर लिहू, तेवढीच बायकांना वाचायची सवय होईल. अडचणीतून काम काढायचं, असं मला शिकवलं होतं आणि माझा त्यावर मनापासून विश्वास होता.

गावात आले तर माझ्या मुकेपणाची कुणालाच अडचण होत नव्हती.

पहिल्या संध्याकाळी हे माझ्या लक्षात आलं नाही. मुक्कामाच्या एस.टी.तून उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. चांगुणाआत्याने पिशवी घेतली, मला ओसरीवरच्या बाजेवर बसवलं आणि वस्त्रगाळ केलेली नाचणीची पेज आणली. चांगुणाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून या पत्र्याच्या दोन खोल्यांत आणि एका शेळीच्या सोबतीने राहणारी. मी गावात आल्यापासून तिच्याकडेच होते.

माझा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी हाडं जुळवून वरचे आणि खालचे दात पोलादी तारेने एकमेकांना आवळून टाकले होते. गालाच्या आत, शेवटच्या दाढेमागे थोडी फट होती. तिथून रबराच्या नळीने पेज आत सोडायची. गळ्यात काळ्या दोऱ्याला एक लहान पकड बांधलेली. उलटी आली तर गुदमरून जाल, तेव्हा विचार करत न बसता तारा तोडायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणखीही एक बजावलं होतं. सांगितलेल्या वेळी तारा काढायला यायचंच, नाहीतर जबडा आखडेल आणि तोंड पुन्हा कधीच पुरतं उघडणार नाही. आत्याने त्या पकडीला आल्या आल्या हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई आली. विहिरीच्या कामावरची ही सगळ्यांत तोंडाळ बाई, आणि वर्गात सगळ्यांत आधी वाचायला लागलेली. घमेलं कडेवर तसंच ठेवून ती दारातच म्हणाली, "काय ताई, काल सांजच्याला वाटेनं जाता जाता हाक मारली, तर कशी झटक्यात ओ दिलीत! मी म्हनलं, डाक्टरनं तोंड शिवलं तरी आमच्या ताईचं तोंड काय बंद व्हायचं न्हाई."

मी पाटीवर लिहिलं, 'मी नाही.'

तिने बोट फिरवत अक्षरं जुळवली. "मी... ना... ही." मग ती हसली. "तुमी न्हाई, मग काय शेळीनं दिली?"

आत्याही हसली. मला हसता येत नव्हतं. हसायला गेलं की तारा हिरड्यांत रुतायच्या.

२

माझं बालपण बडोद्याला मामांकडे गेलं. तिथेच समाजकार्याची पदवी घेतली. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली. आवाज खणखणीत आहे, सभा सहज गाजवशील, असं सगळे म्हणायचे. मला सभा गाजवायच्या नव्हत्या. मला बोरदऱ्याला परत यायचं होतं, संगमनेरच्या पठारावरच्या आमच्या मूळ गावी. बहात्तरचा दुष्काळ पडला होता. माझे वडील आप्पासाहेब तोवर कोल्हारला पाटाच्या पाण्यावर शेती करायला उतरून गेले होते. ते म्हणाले, "लोक वरून खाली निघालेत कौसल्या, आणि तू खालून वर निघालीस." मी म्हणाले, म्हणूनच.

गावची विहीर आटली होती. ती आणखी खोल करायचं दुष्काळी काम निघालं. पुरुष पहारीने खडकात भोकं पाडायचे, बायका दगड आणि माती घमेल्यांनी वर वाहायच्या. संध्याकाळी काम संपलं की दिलावरभाई सुरुंग उडवायचे. वायर विहिरीतून वर आणायची, शेताच्या तालीपर्यंत, म्हणजे दगडी बांधापर्यंत, ओढायची आणि बॅटरीच्या पेटीला जोडायची. सगळी माणसं तालीच्या आड बसायची. मग दिलावरभाई एकेकाचं नाव घ्यायचे आणि ज्याने त्याने ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की पेटीची किल्ली फिरवायची.

पण गावात एक रीत होती. दिवेलागणीला हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसऱ्यांदा हाक आली तरच द्यायची. मी आत्याला कारण विचारलं होतं. ती चूल फुंकता फुंकता म्हणाली, "मानूस आसंल तर तिसऱ्यांदा बी हाक मारतंय की. दुसरं काय आसंल तर त्येला एवढा दम न्हाई."

"दुसरं काय, आत्या?"

"मला काय ठावं? म्या कदी ओ दिलीच न्हाई."

त्यामुळे दिलावरभाईंना प्रत्येक नाव तीन तीनदा घ्यावं लागायचं. बायका माना खाली घालून गप्प बसायच्या आणि अंधार पडत यायचा. मला हे सहन होईना. माणसाने माणसाच्या हाकेला घाबरावं, याइतकी दुसरी गुलामी नाही, असं मी वर्गात सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, सराव घेतला. मी नाव घ्यायची आणि त्या पहिल्या हाकेला ओ द्यायच्या. आधी लाजत, मग खिदळत, मग ताठ मानेने. मनकर्णा नावाची एक अबोल बाई होती. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो त्या ओमध्ये. मला त्या दिवशी रडू आलं होतं. दिलावरभाईंनी मग एकदाच नाव घ्यायला सुरुवात केली.

आणि एका संध्याकाळी सगळ्यांची ओ झाल्यावर, किल्ली फिरायच्या क्षणी, विहिरीकडून कुणीतरी मला हाक मारली.

बाईचा आवाज होता. नुसतं "कौसा". घाई नाही, घाबरणं नाही. ओसरीवरून कुणी आत बोलवावं तशी हाक. मी तालीच्या आड बसले होते. हाक आली म्हणून उभी राहिले आणि तोंड उघडून ओ दिली. ती ओ पुरती बाहेर पडली नाही. तेवढ्यात जमीन हादरली आणि दगड आला.

विहिरीत कुणी नव्हतं, हे दिलावरभाईंनी नंतर इस्पितळात येऊन शपथेवर सांगितलं. मी त्यांना दोष दिला नाही. कान वाजतात, माणूस दचकतं, अपघात होतो. माझ्या तोंडातून निघालेला शेवटचा शब्द तो होता, एवढंच.

३

बरं होण्याचे दिवस फार सारखे असतात. सकाळी मिठाच्या कोमट पाण्याने तोंड खळबळायचं, तेही थोड्याच पाण्यात, कारण टँकर आला तरच पाणी. मग पेज. दुपारी मुगाचं कढण. संध्याकाळी शेळीचं दूध. बोटाने गाल चोळायचा. झोपताना उशी उंच. मी दिवसभर ओसरीवर बसून मुळाक्षरांचे पुठ्ठे करायची आणि येणाऱ्या जाणाऱ्याला पाटीवर लिहून दाखवायची.

आणि रोज कुणी ना कुणी मला सांगायचं, की काल त्यांनी हाक मारली आणि मी ओ दिली.

मी त्याचा नीट विचार केला. माणसाला सवयीचं ऐकू येतं. या बायकांना माझ्या ओची सवय होती, त्यांनी ती मनानेच भरून घेतली असेल. किंवा माझ्याकडूनच नकळत आवाज होत असेल. म्हणून एकदा आत्या शेळी सोडायला गेली असताना मी बंद दातांनी ओ म्हणून पाहिलं. नाकातून 'ऊं' असं काहीतरी निघालं, दावणीच्या वासरासारखं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मोकळी ओ द्यायला तोंड मोकळं लागतं.

मग एका दिवेलागणीला मी ती स्वतः ऐकली.

मी ओसरीवर बाजेवर होते. आत्या अंगणात शेळीची धार काढत होती. घरात तिसरं कुणी नव्हतं. वाटेवरून झुंबरबाईची हाक आली, "कौसाताई!"

आणि माझ्या पाठीमागून, आतल्या खोलीतून, कुणीतरी म्हणालं, "ओ!"

तो माझा आवाज होता. बक्षिसं मिळवलेला, खणखणीत, सगळ्यांत मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. झुंबरबाई समाधानाने पुढे गेली. आत्याने धारेवरून मानसुद्धा वर केली नाही. दुधाची धार भांड्यात वाजत राहिली.

मी उठले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते उघडून आत गेले. आत नेहमीच्याच गोष्टी होत्या. रिकामी कणगी, फडक्याने झाकलेलं जातं, आत्याची पत्र्याची पेटी. आणि कोपऱ्यात पाण्याचा मोठा रांजण, पावसाळ्यापासून कोरडा पडलेला. आवाज तिथून आला असावा असं वाटत होतं. पोकळ भांड्यातून यावा तशी त्याला गोलाई होती. मी रांजणावरचं झाकण काढलं आणि आत हात घातला.

आतली माती ओलसर होती आणि कोमट. कुणी जवळून तोंडाची वाफ सोडावी तशी.

मी आत्याला ओढत आणलं. तिने हात घातला, बोटं एकमेकांवर चोळली. "आगं बया, दमट कशानं?" म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिने घाईने झाकण लावलं. "माती हाय. माती सोडती कदी कदी वल." पण त्या दिवसापासून तिने आपलं अंथरूण ओसरीवर आणलं.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई आली तेव्हा मी पाटीवर लिहून तयारच होते, 'आत कोण आहे?'

ती उंबऱ्यावर बसून वाचू लागली. "आ... त... को... ण... आ... हे." वाचता आलं म्हणून तिचा चेहरा फुलला. आणि ती म्हणाली, "तुमीच की!"

४

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर मी ते निभावून नेलं असतं. आजारपणात माणसाचं डोकं थकतं. तारा निघतील, मी बोलू लागेन, मग हे आपोआप मिटेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. पण एक विचार काही केल्या मनातून जाईना. ते माझ्या नावाला ओ देत होतं. उद्या दुसऱ्या कुणाच्या नावाला दिली तर? संध्याकाळी तालीच्या आड बसलेल्या बायकांची खूण म्हणजे फक्त त्यांची ओ होती. अंधारात दिलावरभाई त्यांची तोंडं बघत नव्हते. आणि आता तर ते नाव एकदाच घेत होते.

तारा काढायला पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी विहिरीवर गेले. उन्हं उतरली होती. बायकांनी घमेली टाकून माझ्याभोवती गराडा घातला.

"बया, किती वाळल्या ताई!"

"वाळतील न्हाई तर काय? नळीनं जेवत्यात. मोटारीत पेट्रोल घालत्यात तसं."

"उद्या तारा निघाल्या की पयली भाकर माझ्या घरची," झुंबरबाई म्हणाली. "रेशनच्या मिलो जवारीची हाय, पन चावून खा म्हंजी झालं."

मनकर्णा मागे उभी होती. जवळ येऊन माझ्या सुजलेल्या गालाला हाताची पाठ लावून गेली.

मी दिलावरभाईंना बाजूला बोलावलं आणि पाटी पुढे केली. त्यांना वाचता येत होतं. मी लिहिलं होतं, 'आजपासून पुन्हा तीनदा नाव घ्या.'

त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमीच तर ही रीत मोडली. आता तुमीच म्हनता पुन्हा सुरू करा?" ते कौतुकानेच बोलत होते. "तुमी घाबरलात, खरं हाय. ज्याला लागतं तो घाबरतोच. पन बायका पहिल्या हाकेला ओ देत्यात आता. तीन तीनदा ओरडत बसलो तर अंधार पडतो, आनि अंधारात सुरुंग म्हंजे जिवाशी खेळ."

ते चुकीचं बोलत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'मी तुमच्याजवळ बसते.'

"बसा की. पन डोकं खाली."

५

दिवस मावळला. माणसं तालीच्या आड जाऊन ओळीने बसली. पुरुष अलीकडे, बायका पलीकडे. बायकांनी पदर डोक्यावरून ओढून घेतले, सगळ्यांनी कानांत बोटं घालायला हात वर नेले. उजेड इतका कमी झाला होता की चेहरे दिसत नव्हते, नुसती पदरांची टोकं दिसत होती. दिलावरभाई पेटीपाशी उकिडवे बसले. मी त्यांच्या शेजारी. वायर आमच्या पायांशी होती, तिथून तालीवरून विहिरीकडे गेलेली.

ते नावं घेऊ लागले.

"गहिनीनाथ!"

"ओ."

"छगन!"

"ओ."

मी प्रत्येक आवाज त्याच्या माणसाशी जुळवत होते. पुरुष झाले. मग बायका.

"झुंबरबाई!"

"ओऽऽ! आजून जित्ती हाय!"

कुणीतरी हसलं. "रंगुबाई!" ओ आली. "दगडाबाई!" ओ आली.

"मनकर्णा!"

"ओ!"

ती मनकर्णाची ओ नव्हती. मनकर्णा अजूनही ओ देताना शेवटी आवाज गिळायची. ही खणखणीत होती, सगळ्यांत मागच्या रांगेपर्यंत पोचणारी. ओळीच्या अगदी टोकाकडून आली.

मी त्या टोकाकडे पाहिलं. शेवटच्या बाईच्या पलीकडे, थोडं अंतर सोडून, आणखी कुणीतरी बसलं होतं. अंगावर पांढरं खादीचं पातळ होतं. अपघाताच्या दिवशी माझ्या अंगावर होतं तसं. ते इस्पितळात कापून काढावं लागलं होतं. तिने कानांत बोटं घातली नव्हती. ती विहिरीकडे नाही, आमच्याकडे तोंड करून बसली होती. ओ देऊन झाली होती, तरी ते तोंड मिटलं नव्हतं. पदराच्या सावलीत ते उघडंच होतं, छातीपर्यंत, आणि आणखी उघडत होतं.

दिलावरभाईंनी किल्लीला हात घातला.

मी ओरडले. 'ऊं' एवढंच निघालं. त्यांनी माझ्याकडे न बघता डाव्या हाताने माझं डोकं खाली दाबलं. "घाबरू नका ताई. झालंच."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला. पाटी लिहायला वेळ नव्हता, उजेड नव्हता. मी गळ्यातली पकड ओढली, दोरा तुटला. पायाशी असलेली वायर पकडीच्या दातांत धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. तार टणक होती. पहिल्यांदा नुसती चेपली. दुसऱ्यांदा तुटली. त्याच वेळी किल्ली फिरल्याचा आवाज झाला.

काहीच झालं नाही.

"काय केलंत हे?" दिलावरभाई ओरडले. माणसं उभी राहिली. मी विहिरीकडे बोट दाखवत होते, नाकातून वासरासारखी ओरडत होते. शेवटी छगन धावत काठावर गेला आणि खाली वाकून हाका मारू लागला.

पायऱ्यांवरून मनकर्णा वर आली. डोक्यावर चुंबळ होती, घमेल्याखाली घ्यायची फडक्याची. एवढी सगळी माणसं आपल्याकडे बघताहेत हे पाहून ती तिथेच थांबली.

"चुंबळ ऱ्हायली हुती," ती हळूच म्हणाली. "कपारीत गार लागत हुतं, म्हनून वाईच टेकले. डोळा लागला." मग तिला सगळं कळलं आणि ती पायरीवरच खाली बसली.

मग दिलावरभाईंनी विचारलं. "मग ओ कुनी दिली?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे.

"ताईनं," रंगुबाई म्हणाली.

"ताईचाच आवाज हुता. म्या वळखते."

"आसली मस्करी करत्यात व्हय ताई?" झुंबरबाईला रडू येत होतं, आणि रागही. "बाईचा जीव गेला आसता. तुमीच शिकवलं ना आमाला, ओ म्हंजी हाय म्हनून?"

मी तिचा हात धरला. तिच्या बोटांनी माझा ओठ वर केला आणि तिची बोटं माझ्या दातांवरून फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिने तारा चाचपल्या. पुन्हा चाचपल्या.

"बांधल्यात," ती इतरांना म्हणाली. "तोंड बांधलेलंच हाय."

ओळीच्या त्या टोकाकडे बघायचं मात्र कुणी धाडस केलं नाही. मीही नाही. परतताना सगळ्या बायका एकमेकींचे हात धरून चालत होत्या आणि कुणीच कुणाला हाक मारत नव्हतं.

६

सकाळी आत्याने पिशवी भरून ठेवली होती. एस.टी. घरासमोरच्या मोकळ्या जागेत घुरघुरत होती. आत्या अंगणात शेळीला पाला टाकत होती. घराला मी स्वतः कडी लावली होती. मी पाटी घेऊन अंगणाच्या कडेला उभी होते.

रात्रभर मी एकाच गोष्टीचा विचार केला होता. माझा आवाज हे माझं सगळं होतं. त्याच्यावर विसंबून मी इथे आले होते. दुपारपर्यंत तो मला परत मिळणार होता. पण तारा आहेत तोवर एक गोष्ट पक्की होती. मोकळ्या तोंडाची ओ आली, तर ती माझी नव्हे. झुंबरबाईने ते स्वतःच्या बोटांनी चाचपून पाहिलं होतं. तारा निघाल्या की ते चाचपता येणार नव्हतं. मग संध्याकाळी तालीच्या आडून माझ्या आवाजात ओ आली, तर ती कुणाची, हे दिलावरभाईंना कसं कळणार? मला तरी कळेल, अशी माझी खात्री नव्हती.

मनकर्णा कामाला निघाली होती. मला पाहून ती वाटेतच थांबली. हाक मारली नाही, नुसती उभी राहिली.

कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं. "कौसाताई, चला! पुन्याला जायचं न्हवं का तुमाला?"

"आले, आले! थांबा!"

कडी लावलेल्या दाराच्या आतून. आजपर्यंत ते फक्त ओ द्यायचं.

आत्याच्या हातातला पाला खाली पडला. कंडक्टर माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डोक्यावरून तो दाराकडे बघत होता. त्याने ड्रायव्हरला थांबायची खूण केली.

मी पुढे जाऊन त्याच्यासमोर पाटी धरली. 'मला जायचं नाही.'

त्याने वाचलं. पुन्हा दाराकडे पाहिलं. "मग आतनं कोन येतंय?"

त्याचं उत्तर मी लिहिलं नाही. पाटी पुसली आणि झुंबरबाईला लांबूनही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विहिरीला पाणी लागेपर्यंत तारा राहतील.' ती छातीशी धरली, मनकर्णाचा हात हातात घेतला आणि विहिरीच्या वाटेला लागले.